स्मार्ट टीव्ही वायफायला जोडला जात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणाचाही टीव्ही अडला की मला फोन येतो, आणि त्यातले निम्मे फोन फॅक्टरी रिसेट करून झाल्यावर येतात. तोवर सगळी अ‍ॅप्स पुसलेली असतात, लॉगिन गेलेली असतात आणि मूळ अडचण तशीच असते. म्हणून हे पान. प्रश्न लोकांनी विचारले त्याच शब्दांत ठेवले आहेत. वरून खाली सगळं वाचायची गरज नाही, पण पहिला प्रश्न मात्र जरूर वाचा.

टीव्ही नेटला जोडला जात नाही, म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं?

टीव्हीवर चित्र यायला तीन टप्पे पार व्हावे लागतात. टीव्हीपासून राउटरपर्यंत वायफाय. राउटरपासून बाहेर नेट कंपनीची लाइन. आणि तिथून पुढे त्या त्या अ‍ॅपचा सर्व्हर. टीव्ही तिन्ही ठिकाणच्या बिघाडाला जवळपास एकच वाक्य दाखवतो, ‘नेटवर्कशी कनेक्ट होऊ शकत नाही’. त्यामुळे माणूस चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतो.

कुठला टप्पा तुटलाय ते दोन मिनिटांत कळतं. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क स्टेटस किंवा नेटवर्क टेस्ट असं काहीतरी असतं. बहुतेक टीव्ही तिथे एक छोटं चित्र काढून दाखवतात: टीव्ही, मग राउटर, मग पृथ्वीचा गोल. फुली कुठल्या रेषेवर आहे ते बघा. टीव्ही आणि राउटर यांच्यामध्ये असेल तर अडचण वायफायची. राउटर आणि गोल यांच्यामध्ये असेल तर बाहेरची लाइन, पत्ता, डीएनएस किंवा तारीख यांपैकी काहीतरी (शेवटच्या तिन्हींवर पुढे येतो). फुली कुठेच नाही आणि तरी एखादं अ‍ॅप उघडत नाही, तर वायफायला हात लावूच नका.

फोनवर त्याच वायफायवर सगळं चालतं, मग टीव्हीवरच का नाही?

आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि मग बघा. वायफायचं चिन्ह दिसत असताना फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेलेला असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. डेटा बंद केल्यावर फोनवरही काही उघडलं नाही, तर टीव्ही निर्दोष आहे. राउटरकडे बघा. फायबरची लाइन असेल आणि एलओएस नावाचा दिवा लाल असेल, तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये आणि घरात बसून काही होणार नाही.

डेटा बंद करूनही फोन चालला, तर फरक दोन यंत्रांतला आहे. फोनचं वायफाय दर दोन-तीन वर्षांनी फोनबरोबर नवं होतं. टीव्ही सात-आठ वर्षं तोच राहतो. राउटर नवा आला की तो बोलतो ती भाषा फोनला कळते, टीव्हीला अर्धवट कळते. शिवाय फोन हातात असतो. टीव्हीचा अँटेना पडद्यामागे, धातूच्या पत्र्याला लागून, भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो.

सगळ्यात आधी काय करून बघावं?

टीव्ही खरोखर बंद करा. रिमोटने बंद केलेला स्मार्ट टीव्ही बंद होत नाही, तो झोपतो. त्याची मेमरी आणि वायफायची अडकलेली अवस्था तशीच राहते, आणि पुन्हा चालू केल्यावर तोच अडकलेला टीव्ही परत येतो. भिंतीवरचं बटण बंद करा किंवा प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, मग लावा.

प्लगपर्यंत हात पोचत नसेल तर सॅमसंगमध्ये रिमोटचं पॉवर बटण टीव्ही बंद होऊन परत सुरू होईपर्यंत दाबून ठेवा. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हीतही तेच बटण पाचेक सेकंद दाबलं की तो रीस्टार्ट होतो. फायर टीव्ही स्टिकला मधलं गोल बटण आणि प्ले-पॉज ही दोन्ही एकत्र दाबून ठेवावी लागतात. एलजीमध्ये क्विक स्टार्ट नावाचा पर्याय चालू असेल तर तो बंद करून ठेवा. टीव्ही उघडायला काही सेकंद जास्त लागतील, पण दर वेळी नव्याने सुरू होईल.

राउटरही बंद करा, पण क्रम पाळा. दोन्ही बंद, आधी राउटर चालू, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, मग टीव्ही. राउटर अर्धवट जागा असताना टीव्हीने विचारणा केली की त्याला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) मिळत नाही.

वायफायच्या यादीत शेजाऱ्यांची नावं दिसतात, आमचंच दिसत नाही. असं कसं?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण लक्षण ऐकूनच कारणं चार-पाचांवर येतात.

पहिलं कारण बँड. राउटर साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर बोलतो, नवे राउटर ६ गिगाहर्ट्झवरसुद्धा. बरेच जुने आणि काही नवे स्वस्त टीव्ही फक्त २.४ वर ऐकतात. राउटरवर २.४ बंद करून ठेवलेला असेल, तर अशा टीव्हीच्या दृष्टीने तुमचं वायफाय अस्तित्वातच नाही. राउटरच्या अ‍ॅपमध्ये किंवा सेटिंग्जच्या पानावर जाऊन २.४ चालू करा.

दुसरं कारण चॅनल, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. प्रत्येक बँडमध्ये क्रमांक दिलेले चॅनल असतात. २.४ मध्ये अनेक देशांत १ ते १३ चालतात, पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली उपकरणं साधारणपणे ११ पर्यंतच ऐकतात. राउटर ऑटोवर असेल आणि त्याने १२ किंवा १३ निवडला, तर परदेशातून आणलेला टीव्ही किंवा स्टिक त्याला बघूच शकत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून वापरायचे असतात. राउटरला तिथे बोलण्याआधी किमान मिनिटभर ऐकत बसावं लागतं, आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो. अनेक टीव्ही या चॅनलच्या वाटेला जातच नाहीत. ‘काल दिसत होतं, आज गायब’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं: रात्री राउटर रीस्टार्ट झाला आणि त्याने वेगळा चॅनल पकडला. २.४ साठी १, ६ किंवा ११ आणि ५ साठी ३६ ते ४८ मधला एखादा चॅनल हाताने ठरवून द्या. हे तीन आकडे सांगण्याचं कारण म्हणजे २० मेगाहर्ट्झ रुंदीवर १, ६ आणि ११ एकमेकांवर चढत नाहीत.

तिसरं, नाव लपवलेलं असणं. सुरक्षेसाठी म्हणून काही जण नाव लपवतात. त्याने सुरक्षा फारशी वाढत नाही, आणि टीव्हीवर नाव एकेक अक्षर टाइप करून जोडावं लागतं. माझं मत विचाराल तर लपवू नका.

चौथं, नावातली अक्षरं. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं, म्हणजे दहा चिन्हांत नाव संपलं. इमोजी त्याहून जास्त जागा खातो. मर्यादेत बसलं तरी काही टीव्ही असं नाव चौकोन-चौकोन दाखवतात किंवा यादीतून गाळून टाकतात. मातृभाषेत नाव ठेवायची हौस मला पूर्ण समजते. पण टीव्ही अडत असेल तर रोमन लिपीतलं साधं नाव ठेवून एकदा बघा.

आणि पाचवं म्हणजे अर्थातच अंतर. त्यावर पुढे येतो.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी टीव्ही चुकीचा म्हणतो.

रिमोटने टाइप करताना मोठं आणि लहान अक्षर चुकणं फार सोपं आहे. बहुतेक टीव्हीवर पासवर्ड दाखवा असा चौकोन असतो, त्यावर खूण करा आणि डोळ्यांनी वाचा. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांची गल्लत होते. शेवटी चुकून स्पेस पडलेली नाही ना, तेही बघा.

एवढं बघूनही तेच उत्तर आलं, तर पासवर्डचा विषय सोडून राउटरची सुरक्षा पद्धत बघा. डब्ल्यूपीए२ ही पद्धत २००४ पासून आहे आणि जवळपास प्रत्येक टीव्हीला येते. डब्ल्यूपीए३ ही २०१८ मध्ये आली, आणि त्याआधीच्या टीव्हीला ती साधारणपणे येत नाही. राउटर निव्वळ डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुना टीव्ही हात पुढे करतो, राउटर नाकारतो आणि टीव्ही बिचारा पासवर्ड चुकीचा म्हणून सांगतो. त्याच्याकडे दुसरा शब्दच नसतो. राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र असा पर्याय असतो. तो निवडून बघा. तरीही अडलं तर निव्वळ डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस हा सांकेतिकीकरणाचा पर्याय. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या पद्धतींकडे मात्र जाऊ नका, त्या फोडणं सोपं आहे.

राउटरमध्ये पीएमएफ किंवा प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स नावाचा पर्याय ‘आवश्यक’ वर असेल, तर तो ‘ऐच्छिक’ वर आणा. जुन्या टीव्हीची हीच गाठ बऱ्याचदा सुटत नाही.

पासवर्ड बदलला असेल तर टीव्हीत जुनं नेटवर्क आधी ‘विसरा’ करा. नाहीतर काही टीव्ही जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पुढे करत राहतात. आणि पासवर्डमध्ये अवतरणचिन्हं, उलटी तिरकी रेघ किंवा स्पेस असेल, तर अक्षरं आणि आकडे एवढाच पासवर्ड ठेवून बघा. ८ ते ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, तेव्हा लांब ठेवला की चिन्हांशिवायही मजबूत होतो.

‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ असं येतं. याचा अर्थ काय?

टीव्हीने राउटरला ओळखलं, राउटरने टीव्हीला ओळखलं, आणि पुढे गाडी अडली. अशा वेळी नेटवर्क स्टेटसमध्ये आयपी पत्ता बघा.

पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर तो राउटरने दिलेला असण्याची शक्यता मोठी. १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा नुसती शून्यं असतील, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. असं का होतं? राउटरकडे वाटायला ठरावीक पत्ते असतात. घरात फोन, लॅपटॉप, कॅमेरे, बल्ब अशी गर्दी झाली आणि पत्त्यांचा साठा लहान ठेवलेला असला, की नव्याने येणाऱ्याला उरत नाही. किंवा कोणीतरी कधीकाळी टीव्हीत पत्ता हाताने भरून ठेवलेला असतो आणि राउटर बदलल्यावर तो चुकीचा ठरतो. टीव्हीत आयपी सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ करा. नव्वद टक्के काम तिथेच होतं असं मी म्हणणार नाही, पण करून बघायला अर्धं मिनिट लागतं.

पत्ता ठीक असेल तर डीएनएस. आपण साइटचं नाव लिहितो आणि ते नाव आकड्यांत बदलून देणारी ही डिरेक्टरी आहे. ती बंद पडली की लाइन चालू असूनही काही सापडत नाही. टीव्हीत आयपी ऑटोमॅटिकच ठेवून फक्त डीएनएस हाताने भरता येतो: ८.८.८.८ हा गूगलचा, १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा. काही टीव्हीत एक भाग बदलायचा तर सगळेच आकडे भरावे लागतात. तिथे आधी दिसणारे आकडे फोनने फोटो काढून ठेवा आणि मग हात लावा.

डीएनएस बदलूनही जैसे थे असेल, तर तारीख.

तारखेचा आणि नेटचा काय संबंध?

फार जवळचा. आणि हे उत्तर जरा लांबणार आहे, कारण याच कारणाने मी एकदा एका नातेवाइकांची अख्खी संध्याकाळ घालवली होती. त्यांच्या बंद खोलीतला टीव्ही कित्येक महिन्यांनी चालू केला होता. वायफाय जोडलेलं दिसत होतं, एकही अ‍ॅप उघडत नव्हतं. मी राउटर बदलला, डीएनएस बदलला, शेवटी फॅक्टरी रिसेट केला. सगळ्या अ‍ॅप्सचे पासवर्ड त्यांना पुन्हा शोधावे लागले. मग कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं. टीव्ही काही वर्षं मागे होता.

अ‍ॅप आणि सर्व्हर एकमेकांशी कुलूपबंद वाटेने बोलतात. त्यासाठी सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, आणि प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. टीव्हीच्या मते आज त्या दोन तारखांच्या बाहेरचा दिवस असेल, तर तो प्रमाणपत्र खोटं समजतो आणि दार लावून घेतो. टीव्ही स्वतःची वेळ नेटवरून घेतो हे खरं, पण वेळ मिळण्यातच अडचण आली तर चक्र पुढे सरकत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये वेळ ‘ऑटोमॅटिक’ वरून काढा, आजची तारीख, वेळ आणि टाइम झोन हाताने भरा, टीव्ही रीस्टार्ट करा. नेट सुरू झालं की परत ऑटोमॅटिकवर ठेवा.

याचाच दुसरा चेहरा म्हणजे टीव्हीची तारीख बरोबर असते, पण त्याच्या पोटातली विश्वासू प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाचं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा ज्या जुन्या उपकरणांत त्याच्या जागेचं नवं प्रमाणपत्र नव्हतं, त्यांना अनेक साइट उघडेनाशा झाल्या. यावर इलाज टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करणं हाच. वायफायवरून होत नसेल तर बऱ्याच कंपन्या आपल्या साइटवर अपडेटची फाइल ठेवतात. ती संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने टीव्हीत घालता येते. मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा, चुकीची फाइल घालू नका.

दोष टीव्हीचा की राउटरचा, हे कसं ठरवायचं?

फोनचा हॉटस्पॉट लावा आणि टीव्ही त्याला जोडा. इतकी सरळ आणि इतकी निर्णायक चाचणी दुसरी नाही. हॉटस्पॉटवर टीव्ही चालला तर टीव्हीचं वायफाय धडधाकट आहे आणि घोळ राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. हॉटस्पॉटवरही अडला, तर टीव्हीत डोकवा.

चाचणी खोटी ठरू नये म्हणून हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू करावा लागतो. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. चाचणी झाली की लगेच बंद करा, टीव्ही मोबाइल डेटा झपाट्याने संपवतो.

मग २.४ वर ठेवावा की ५ वर?

राउटर त्याच खोलीत असेल तर ५. मध्ये दोन भिंती असतील तर २.४.

दोन्ही बँडचं नाव एकच आहे, त्याने काही बिघडतं का?

बिघडू शकतं. एकच नाव ठेवून राउटर स्वतःच ठरवतो की कोणाला कुठल्या बँडवर पाठवायचं. याला बँड स्टीअरिंग किंवा स्मार्ट कनेक्ट म्हणतात. फोन ही ढकलाढकली समजून घेतात. काही टीव्ही मात्र २.४ वर जोडायला गेले की राउटर त्यांना ५ वर ढकलतो, ते परत २.४ वर येतात, आणि हा खेळ टीव्ही ‘जोडता आलं नाही’ म्हणेपर्यंत चालतो. दोन बँडना दोन नावं द्या. राउटर तेवढी मोकळीक देत नसेल, तर गेस्ट नेटवर्क चालू करून ते फक्त २.४ वर ठेवा आणि टीव्ही त्यावर जोडा. एक लक्षात ठेवा: गेस्ट नेटवर्कवरचा टीव्ही घरातल्या फोनला बहुधा दिसत नाही, म्हणजे कास्टिंग, फोनवरचं टीव्हीवर दाखवणं, बंद होईल.

जोडला जातो, पण मधेच तुटतो. रात्री तर जास्तच.

रात्री आजूबाजूचे सगळे नेटवर असतात, आणि २.४ गिगाहर्ट्झवर गर्दीत स्वतंत्र अशा तीनच वाटा आहेत. चॅनल बदलून बघा. राउटरमध्ये २.४ ची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. वेग कागदावर कमी दिसेल, पण जोडणी टिकेल.

तुटण्याची वेळ लिहून ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्या अंगणातच. तो सुरू झाला की टीव्ही अडतो, असा मेळ बसला तर शोध संपला. ब्लूटूथचे हेडफोनही त्याच पट्ट्यात असतात. टीव्हीच्या मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती आणि तिची वायर २.४ मध्ये गोंगाट करू शकते. ती काढून एक दिवस बघा.

मग राउटरची जागा. कपाटात, टीव्हीच्या पाठीमागे, फिश टँकच्या शेजारी, आरशामागे, जमिनीवर या सगळ्या वाईट जागा आहेत. धातू वायफाय परतवतो, पाणी ते पिऊन टाकतं, सळयांचं काँक्रीट दोन्ही करतं. राउटर उंचावर, उघड्यावर आणि घराच्या मध्याकडे ठेवा. सिग्नल मोजायचा असेल तर अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप घ्या आणि फोन टीव्हीच्या अगदी पाठीला धरा, सोफ्यावर बसून नव्हे. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६० डीबीएम उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ७० च्या पलीकडे त्रास सुरू होतो.

एचडीएमआयला लावायची स्टिक असेल तर तिच्यासोबत बहुधा एक छोटी एक्स्टेंडर वायर येते. लोक ती डब्यातच ठेवतात. ती लावा. स्टिक टीव्हीच्या धातूपासून चार बोटं लांब गेली तरी सिग्नल सुधारू शकतो.

एकच अ‍ॅप चालत नाही, बाकी सगळं चालतं.

वायफायला हात लावू नका. त्या अ‍ॅपचा कॅशे (साठवून ठेवलेली तात्पुरती माहिती) साफ करा, अपडेट करा, काढून परत टाका. टीव्ही जुना असेल तर अ‍ॅपने त्याला सोडलेलंही असू शकतं. यूट्यूबचं जुनं अ‍ॅप २०१२ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या अनेक टीव्हींवर २०१५ मध्ये बंद पडलं. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही टीव्हींची साथ सोडली. अशा टीव्हीचा पडदा उत्तम असेल तर तो टाकून देऊ नका. एचडीएमआयला स्टिक किंवा बॉक्स लावला की तो पुन्हा कित्येक वर्षं चालतो. चांगलं काच-पॅनल सॉफ्टवेअरपायी भंगारात जाणं मला मनापासून खटकतं.

राउटर बदलल्यापासूनच त्रास सुरू झालाय.

नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला असेल, तर फोन आपोआप जोडले जातात, पण टीव्ही कधी कधी जुन्या आठवणीवर अडून बसतो. टीव्हीत नेटवर्क विसरा किंवा नेटवर्क रिसेट करा आणि नव्याने जोडा. तरी अडला तर वर सांगितलेल्या तीन गोष्टी याच क्रमाने तपासा: डब्ल्यूपीए३, चॅनल, एकच नाव. नवा राउटर वायफाय ६ किंवा ७ चा असेल तर २.४ बँडवर जुन्या उपकरणांसाठी ८०२.११ बी, जी, एन असा मिश्र मोड निवडता येतो, तोही करून बघा.

राउटरच्या अ‍ॅपमध्ये टीव्ही दिसतो, तरी नेट नाही.

कोणीतरी त्याला ‘पॉज’ तर केलेलं नाही ना? मुलांचा अभ्यास, झोपेची वेळ अशा कारणांनी लावलेलं बंधन महिन्यांनी विसरलं जातं. पेरेंटल कंट्रोल, ब्लॉक केलेल्या उपकरणांची यादी आणि मॅक फिल्टर या तीन जागा बघा. टीव्हीचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्कच्या भागाचा ओळख क्रमांक, ‘अबाउट’ किंवा नेटवर्क स्टेटसमध्ये मिळतो. वायफायचा आणि केबलचा मॅक वेगळा असतो, फिल्टरमध्ये वायफायचाच हवा.

हॉस्टेल, हॉटेल किंवा ऑफिसच्या वायफायवर टीव्ही का चालत नाही?

तिथे जोडल्यावर एक पान उघडतं आणि त्यावर नंबर किंवा लॉगिन भरावं लागतं. बऱ्याच टीव्हींना ते पान उघडताच येत नाही. व्यवस्थापकांना टीव्हीचा मॅक पत्ता देऊन तो थेट सोडायला सांगता येतं. ते जमत नसेल तर छोटा ट्रॅव्हल राउटर त्या वायफायला जोडून टीव्ही त्या राउटरला जोडा.

फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही.

फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर हवेत. एक गेस्टवर आणि दुसरा मुख्यवर असेल तर ते एकमेकांना दिसत नाहीत. राउटरमध्ये एपी आयसोलेशन (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा पर्याय) चालू असेल तर बंद करा. फोनवर व्हीपीएन असेल तर तोही.

केबल लावली तर प्रश्नच मिटेल का?

बहुतेकदा हो, आणि शक्य असेल तिथे मी केबलच सुचवतो. टीव्ही जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून का पाजायचं? अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून लोक नाक मुरडतात. पण नेटफ्लिक्सला ४के साठी १५ एमबीपीएस पुरतात, १०८०पी साठी ५. हे गणित बघता शंभर भरपूर झाले.

केबल ओढणं शक्य नसेल तर मेश वायफायचा (घरभर ठेवलेले अनेक भाग मिळून एकच नेटवर्क) एक भाग टीव्हीजवळ ठेवा आणि त्याच्या पाठीमागच्या पोर्टातून आखूड केबल टीव्हीत लावा. साधा रिपीटर घेणार असाल तर तो टीव्हीपाशी लावू नका. राउटर आणि टीव्ही यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावा. दुबळा सिग्नल पकडून रिपीटर दुबळाच पुढे देतो.

फॅक्टरी रिसेट कधी करावा?

हॉटस्पॉटची चाचणी नापास, तारीख बरोबर, सॉफ्टवेअर नवं, नेटवर्क रिसेट करून झालेलं, आणि तरीही अडकलेला. तेव्हाच. आधी सगळ्या अ‍ॅप्सचे लॉगिन हाताशी ठेवा. सॅमसंग पिन विचारेल, बदललेला नसेल तर तो ०००० असतो.

वायफायचा पर्यायच करडा पडलाय, चालूच होत नाही.

हे मात्र हार्डवेअरचं लक्षण. टीव्हीतलं वायफाय ही बहुतेकदा आत बसवलेली एक छोटी वेगळी पट्टी असते, पातळ वायरीने मुख्य बोर्डाला जोडलेली. ती वायर सैल होते किंवा पट्टीच जाते. तासभर प्लग काढून ठेवल्यावर थोडा वेळ चालून परत गेली, तर शंका पक्की. तंत्रज्ञ पट्टी बदलू शकतो. वॉरंटी असेल तर टीव्ही स्वतः उघडू नका. वॉरंटी संपली असेल आणि खर्च नको असेल, तर केबल किंवा स्टिक यांतलं एक लावा. स्टिक स्वतःचं वायफाय घेऊन येते, तिला टीव्हीच्या वायफायची गरज लागत नाही.

कस्टमर केअरला फोन करण्याआधी काय तयार ठेवू?

टीव्हीचा पूर्ण मॉडेल क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, पडद्यावरचा एरर कोड जसाच्या तसा, नेटवर्क स्टेटसच्या पानाचा फोटो, राउटरचं मॉडेल, आणि हॉटस्पॉटवर टीव्ही चालला की नाही याचं उत्तर. टीव्ही कंपनी राउटरकडे बोट दाखवते, नेट कंपनी टीव्हीकडे, आणि मध्ये तुम्ही अडकता. हॉटस्पॉटवर चालला असेल तर नेट कंपनीला लावा आणि ते पहिल्याच वाक्यात सांगा. नसेल चालला तर टीव्ही कंपनीला.